पक्कं बिल

23 नोव्हेंबर 2020, सोमवार. करोनाच्या काळात पालिकेच्या लेखा विभागातल्या आम्हा काही जणांना खासगी रुग्णालयांची बिलं तपासायला पाठवलं होतं. त्या कामातला हा एक दिवस. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जनतेशी बोलताना दुसऱ्या लाटेचा इशारा दिला होता, म्हणून तारीख पक्की लक्षात राहिली.

सकाळी सव्वासहा

डोंबिवलीत थंडी अशी पडतच नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पहाटे हवा जड होते आणि एमआयडीसीचा वास खिडकीतून आत येतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. हिवाळ्यात आमच्याकडे घरोघरी खोकला असतोच. पण त्या वर्षी कुणी खोकलं की माणसं श्वास रोखून बघायची. सासूबाई उठल्या की आधी ऑक्सिमीटर बोटाला लावत. सत्त्याण्णव दिसलं की मग चहा.

दूध घ्यायला जिना उतरले तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाठलं. "परत बंद करणार का गं? खरं सांग, तू पालिकेत आहेस." जुलैत 2 तारखेपासून 19 तारखेपर्यंत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पुन्हा कडेकोट बंद होतं. काकांच्या मुलाचं स्टेशनजवळचं दुकान त्यातून अजून सावरलं नव्हतं. लोक आजाराला जेवढे घाबरले होते तेवढेच त्या बंदलाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

सव्वाआठ

अत्यावश्यक सेवेचा क्यूआर पास दाखवून फलाटावर. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला महापालिका, मंत्रालय, बँका, इस्पितळं अशा ठिकाणी काम करणाऱ्यांची गर्दी. 21 ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळेत लोकल खुली झाली होती, खासगी नोकरीतल्या पुरुषांना नाही. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं तेव्हा कल्याण-शीळ रस्त्यावर बसमध्ये तीन-तीन तास उभी असत. 'बसमध्ये करोना होत नाही का?' हा प्रश्न मी रोज ऐकायचे. त्याला उत्तर नव्हतं.

मी उलट्या दिशेला, कल्याणला. ठाकुर्ली सुटली की सगळे खिडकीशी सरकले. शनिवार-रविवारी मेगाब्लॉक घेऊन, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पत्री पुलाचा गर्डर रुळांवर सरकवण्याचं काम झालं होतं. 2018 मध्ये जुना पूल पाडल्यापासून त्या रस्त्यावर किती रुग्णवाहिका अडकल्या असतील! समोरच्या सीटवर परिचारिकेच्या गणवेशातली एक मुलगी होती. ती गर्डर बघत म्हणाली, "हा आधी झाला असता ना, तर आमच्याकडे पेशंट अर्धा तास लवकर आले असते."

साडेनऊ

कल्याण पश्चिमेतलं एक खासगी रुग्णालय. बिलाच्या काउंटरशेजारी माझं टेबल, मागे पालिकेचा छापील फलक. त्यावरचे दर मला झोपेतही आठवायचे. राज्य सरकारच्या मे महिन्यातल्या आदेशाने खासगी रुग्णालयातल्या 80 टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या होत्या: विलगीकरणासह साधा वॉर्ड दिवसाला 4,000 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. खाट, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, नेहमीच्या रक्तचाचण्या, एक्स-रे, ईसीजी, साधी औषधं हे सगळं त्यातच. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, सीटी स्कॅन, करोनाची चाचणी वेगळी. उरलेल्या 20 टक्के खाटांना रुग्णालयाचा स्वतःचा दर.

काम ऐकायला सोपं होतं. डिस्चार्जचा कागद निघाला की बिल आधी माझ्याकडे यायचं, मी आदेशाप्रमाणे कापायचं, सही करायची, मग घरच्यांनी पैसे भरायचे. प्रत्यक्षात बरीच बिलं माझ्याकडे यायचीच नाहीत. डिस्चार्ज संध्याकाळी सातनंतर दिले जात, तोवर मी गाडीत असे. घरच्यांना माणूस घरी न्यायची घाई असे. ते पैसे भरून मोकळे होत आणि त्या भिंतीवरच्या फलकाकडे कुणाचं लक्षही जात नसे.

अकरा

त्या दिवशीचं पहिलं मोठं बिल. रुग्ण पन्नाशीतला, एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला. अकरा दिवस दाखल, त्यातले चार अतिदक्षता विभागात. बायको आणि भाचा आले होते. बिल 1,86,400 रुपयांचं, एका पानाचं, खाली शिक्का. मी ब्रेकअप मागितला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हेच आहे." मी म्हटलं, "दादा, तारीखवार दे. मी थांबते."

पाऊण तासाने चार पानं आली. खाटेचे 58,000, म्हणजे सात दिवसांचे 28,000 आणि अतिदक्षतेचे 30,000. हे आदेशाप्रमाणे बरोबर. त्याखाली डॉक्टर व्हिजिट 33,000. नर्सिंग 11,000. ईसीजी, एक्स-रे, रक्तचाचण्या 9,400. जेवण 3,300. हे सगळं 58,000 मध्ये आधीच आलेलं होतं. बायोमेडिकल कचऱ्याचे 5,500. 'इतर' 2,900, इतर म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येईना. रेमडेसिव्हिरच्या सहा कुप्यांचे 16,800, दुकानाची पावती जोडलेली, ते मान्य. सीटी स्कॅनचे 2,500 मान्य.

आणि पीपीई 44,000. दिवसाला चार किट, प्रत्येकी हजार. मी विचारलं, वॉर्डात रुग्ण किती? चौदा. म्हणजे एक परिचारिका एक किट घालून चौदा जणांना बघते आणि त्या एकाच किटचे पैसे चौदा बिलांत लागतात. मी पाळीचं रजिस्टर आणि स्टोअरची नोंद मागवली. या रुग्णाच्या वाट्याला दिवसाला एका किटपेक्षा जास्त काही येत नव्हतं. 11,000 ठेवले.

तेव्हा व्यवस्थापक खाली आले. म्हणाले, "हा पेशंट वीस टक्क्यांतला आहे, मॅडम. तुमचा दर लागू नाही." हा नेहमीचा शेवटचा पत्ता. मी भरतीचं रजिस्टर उघडलं. खाट क्रमांक 17. पालिकेला दिलेल्या यादीत 17 नंबरची खाट सरकारी दरातली होती. त्यांनी यादी दोनदा वाचली. रुग्ण आल्यावर खाट ऐंशीतली आणि बिल करताना वीसमधली, हे त्या एका खाटेच्या बाबतीत तरी त्या दिवशी चाललं नाही.

बिल 88,300 वर आलं. घरच्यांनी भरती करतानाच एक लाख डिपॉझिट भरलं होतं, चाळीतल्या बायकांच्या भिशीचे पैसे आधी उचलून. म्हणजे आता देणं काहीच नव्हतं, उलट 11,700 परत मिळायचे होते. मी तसं सांगितलं तर त्या बाईंना पटेचना. त्यांनी पदराच्या गाठीतला नोटांचा पुडका काढून टेबलावर ठेवला होता. "ताई, हे आत ठेवा," मी म्हटलं. त्यांनी भाच्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. भाचा मात्र चिडला होता. "म्हणजे आम्ही विचारलं नसतं तर?" तो खरोखर विचारत होता. मी त्याला खरं तेच सांगितलं: मग तुम्ही 1,86,400 भरले असते.

दीड

डबा मागच्या पॅसेजमध्ये. शेजारी दोन परिचारिका, तोंडावर मास्कचे वळ. जुन्यांपैकी दोघीच उरल्या होत्या. बाकीच्या एप्रिल-मेमध्ये गावी गेल्या त्या परतल्या नाहीत, आणि ज्यांना नव्याने घेतलं त्या दुप्पट पगार मागतात असं व्यवस्थापक सांगत. ते खोटं नव्हतं. या रुग्णालयाचे मालक डॉक्टर एकदा माझ्याशी बोलले होते. पंचवीस-तीस खाटांचं नर्सिंग होम, ऑक्सिजनचा खर्च वाढलेला, 4,000 रुपयांत वॉर्ड चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ते मानते. पण दर परवडत नसेल तर सरकारशी भांडायचं, सह्या गोळा करायच्या. 'इतर 2,900' हा त्यावरचा मार्ग नाही. आमच्या शहरात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या कितीतरी डॉक्टरांनी 'डॉक्टर आर्मी'त नाव घालून, स्वतःचे दवाखाने बंद ठेवून ताप तपासले. मी बघितलंय ते. म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजायला माझं मन तयार होत नाही.

तीन

एक वृद्ध गृहस्थ सकाळी गेले होते. नातेवाइकांना शव बघता येत नव्हतं, फक्त पिशवीवरचं नाव. आणि समोर बिल. मुलाने काचेवर हात आपटला. सुरक्षारक्षक धावला. मुलगा ओरडत होता ते माझ्याकडे बघून, कारण सरकारी माणूस म्हणून तिथे मीच बसले होते. "अकरा वाजेपर्यंत ठीक आहेत म्हणून सांगत होता! फोन उचलत नव्हता कुणी!"

मी उत्तर दिलं नाही. बिल भरलं नाही म्हणून शव अडवून ठेवायचं नाही, एवढं व्यवस्थापकांना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं आणि अंत्यविधीच्या गाडीला फोन लावला. बिल नंतर बघू, दोन दिवसांनी या, म्हटलं. मुलगा खाली बसला. त्याला नंतर एकाने पाणी दिलं, ते त्याने घेतलं.

वर्तमानपत्रात 'नातेवाइकांचा गोंधळ' एवढीच ओळ येते. त्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: चोवीस तास कुणी काही सांगितलेलं नसतं. माणूस आत गेला की काचेच्या या बाजूला बसलेल्यांना दिवसाकाठी एक फोन, तोही आला तर. हा राग वेड्यासारखा नव्हता. रोज दुपारी चार वाजता प्रत्येक घरी एका कनिष्ठ डॉक्टरने दोन मिनिटं फोन केला असता, तर निम्म्या काचा फुटल्या नसत्या.

पाच

दिवसाचा तक्ता मुख्यालयाला पाठवला: तपासलेली बिलं, कापलेली रक्कम, परतावा. मग एका रिक्षावाल्याच्या मुलीचा अर्ज. मेपासून महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली झाली होती, पण आमच्या शहरात योजनेत असलेली रुग्णालयं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि खाट मिळायच्या आत रेशनकार्ड शोधायचं. तिने आधी माणूस वाचवला, कार्ड मागून सापडलं. मी अर्ज लिहून दिला, पुढे काय होईल ते तिला गोड करून सांगितलं नाही.

सव्वासहा

परतीची गाडी. खिडकीशी एक बाई फोनवर सांगत होती, "अगं आता बेड रिकामे आहेत सगळीकडे, घाबरायचं कारण नाही." खरं होतं. सप्टेंबरातली तारांबळ उतरली होती. ठाण्यात साकेतला जूनमध्ये उभं राहिलेलं 1,024 खाटांचं रुग्णालय होतं, आमच्याकडे सावळाराम क्रीडासंकुलात खाटा होत्या. पण माझं मन तिथेच अडत होतं. हे सगळं मैदानात, हॉलमध्ये, तात्पुरतं. 2011 च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या कल्याण-डोंबिवलीत पालिकेची मोठी रुग्णालयं दोनच, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर. शास्त्रीनगर करोनासाठी गेलं की डोंबिवलीच्या बाळंतिणीने, मधुमेह्याने, पाय मोडलेल्याने जायचं कुठे? गंभीर असेल तर कळव्याच्या रुग्णालयात, नाहीतर मुंबईत सायनच्या. करोनाच्या आधीपासून हेच चालत आलं होतं.

रिकाम्या खाटांचे हे दोन महिने काम करायचे होते. परिचारिकांना कायम करायचे, ऑक्सिजनची सोय वाढवायचे, कोणती खाट सरकारी दराची ते प्रत्येक खाटेवर रंगवून ठेवायचे, रात्रीच्या डिस्चार्जलाही तपासनीस बसवायचे. कंत्राटावरच्या मुली मात्र त्या नोव्हेंबरात मला विचारत होत्या, 'आम्हाला काढणार का?' पुढच्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

साडेआठ

जेवण वाढत होते, फोन वाजला. माझा नंबर त्या फलकावर होता. एक बाई, डोंबिवली पश्चिमेच्या. नवरा सप्टेंबरात गेला. तेव्हा तीन लाखांच्या वर भरले होते. आज त्यांच्या शेजारणीने सांगितलं की कल्याणला एकीचे पैसे परत मिळाले. "आमचं आता होईल का काही? की वेळ गेली?"

सकाळच्या बाईंची बातमी संध्याकाळपर्यंत खाडीच्या काठापर्यंत पोचली होती. मी विचारलं, कागद काय आहेत? एक पान, खाली शिक्का. पक्कं बिल? तेच ना ते, त्या म्हणाल्या. मी त्यांना लिहून घ्यायला लावलं: रुग्णालयाकडे तारीखवार बिलाची लेखी मागणी करा, दोन प्रती, एका प्रतीवर त्यांची पोच घ्या. दिलं नाही तर तीच पोच घेऊन पालिकेत या. भरतीचा कागद, औषधांच्या पावत्या, डिपॉझिटची पावती असेल ती सगळी आणा. खाट क्रमांक कुठे लिहिलेला दिसतो का बघा.

त्यांनी सगळं परत वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, लिहून द्यायला मुलगा आहे, बारावीला, तो उद्या सुट्टी घेईल. मी म्हटलं, शाळा तर ऑनलाइन आहे ना. हो, त्या म्हणाल्या, पण फोन एकच आहे, तो घेऊन यावा लागेल. मग त्याचा तास संपल्यावर या, दुपारी साडेबारा, मी टेबलावरच असेन.