सांगितलं, सांगून टाकलं, सांगून बसला

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकामागच्या एखाद्या गल्लीतली भाड्याची खोली डोळ्यांसमोर आणा. लातूरकडच्या खेड्यातून शिकायला आलेला एक मुलगा तिथं राहतो. संध्याकाळी गावाहून वडिलांचा फोन येतो. बोलता बोलता मुलगा सांगतो की, यंदा तो परीक्षेला बसलाच नाही. कथा एवढीच. आता हे सांगणं कसं लिहाल?

‘पोरानं सांगितलं.’ ही बातमी झाली. ‘पोरानं सांगून टाकलं’ म्हटलं की कितीतरी दिवस छातीवर धरलेला धोंडा खाली पडल्याचा आवाज येतो. ‘पोरगा सांगून बसला’ यात जीभ घसरली आहे आणि हळहळ सुरू झाली आहे. ‘पोरानं सांगून ठेवलं’ यातला मुलगा हिशेबी. उद्या बोल लागू नये म्हणून आजच त्यानं कुंपण घातलं. आणि ‘सांगून मोकळा झाला’? हलका झाला खरा, पण ओझं बापाच्या डोक्यावर देऊन. घटना एकच, आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच निरनिराळी मुलं उभी राहिली.

व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. टाकणं, बसणं, ठेवणं ही हातापायांची रोजची कामं. पण ती दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी लागली की हातपाय विसरतात आणि मन सांगू लागतात. विशेषणाचा एक शब्दही खर्च न करता! मला हे दर वेळी नव्यानं थक्क करतं. कथेची शैली म्हटलं की शाळेत शिकलेले अलंकार आठवतात: उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती. ते आहेतच. पण मराठी कथेत माणसाचा स्वभाव पुष्कळदा वाक्याच्या शेपटाशी दडलेला असतो.

तिथंच आणखी एक नवल आहे. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटलं, की बोलणारा पुरुष की बाई हे लगेच उघड होतं. पण ‘मी दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं’ इथं क्रियापद दार, दिवा आणि पत्र यांच्या मागं जातं. बोलणारं माणूस अंधारात राहतं. लेखकानं ठरवलं तर तो पानभर हा पडदा धरून ठेवू शकतो आणि मग एका ‘खाली बसले’नं तो सोडू शकतो. एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (1843) या कथेत खुनाची हकीकत सांगणारं माणूस पुरुष की स्त्री, हे थेट कुठंच म्हटलेलं नाही. इंग्रजीला ते विनासायास जमतं. मराठीत आणायला बसलेला अनुवादक मात्र ‘खोलीत शिरलो’ की ‘खोलीत शिरले’ इथं थबकणार.

अपराधाची कबुलीही याच जागी तोलली जाते. ‘मी कप फोडला.’ ‘माझ्या हातून कप फुटला.’ ‘कप फुटला.’ पहिलं माणूस सरळ, दुसरं ओशाळलेलं, तिसरं दाराकडे सरकत असलेलं.

आता त्या खोलीत परत जाऊ. फोन उचलल्यावर बाप काय विचारतो? ‘काय करतोयस?’ असं तो म्हणणार नाही. ‘काय करू लालास?’ म्हणेल. ‘करू लागलास’ हे बोलीत घासून ‘करू लालास’ झालं आणि त्या एका ‘लालास’मध्ये गाव, शेत, बापाचं वय, सगळं आलं. मुलगा उत्तर कोणत्या बोलीत देतो, ‘करू लालो’ की ‘करतोय’, यावरून तो शहरात किती मुरला आहे ते कळेल. लेखकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

बोली फक्त संवादात ठेवायची आणि निवेदन प्रमाण मराठीत करायचं, ही वाट मळलेली आहे. तिच्यात एक धोका मला नेहमी जाणवतो: निवेदक ओट्यावर उभा राहतो आणि पात्रं अंगणात. याच शहरातल्या देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’त (1971) हा ओटाच काढून टाकला. ती कादंबरी आहे, कथा नव्हे. पण गंगाराम शिंप्याची बायको सगळी हकीकत स्वतःच्या बोलीत सांगते, आणि वाचणाऱ्याला तिच्या शेजारी जमिनीवर बसून ऐकावं लागतं.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पुस्तकातून अनेकांच्या मनात कायमची राहिली आहे. भाव पडतो आणि बाप भर बाजारात आपलेच टोमॅटो पायांखाली तुडवतो. शीर्षकाकडे जरा थांबून पाहा. दोन साधे शब्द. पण मराठवाड्याची माती काळी. इथल्या माणसानं पावसाळाभर तुडवलेला चिखल काळाच असतो. मग हा लाल कुठून आला? ती शंका वाचकाच्या पायाला पहिल्यापासून लागलेली असते. शेवटी उत्तर दिसतं तेव्हा तो रंग टोमॅटोचा असतो आणि त्याच क्षणी रक्ताचाही वाटतो. अन्याय, शोषण, हतबलता हे शब्द नसले तरी चालतं. एक विशेषण नेहमीच्या जागेवरून उचलून भलत्या नामाशेजारी ठेवलं, एवढंच घडलं आहे.

खोलीतल्या मुलानं सांगून टाकलं आहे. पलीकडे बाप गप्प आहे. इथं ‘बापाला फार वाईट वाटलं’ असं लिहिण्याचा मोह होतो. मी तो टाळीन. पंखा फिरत होता, एवढंच लिहीन. त्या ‘होता’मुळे वेळ ताणला जातो. मग बाप बोलेल. ‘जेवलास का?’ विचारायचं की ‘जेवलास ना?’ हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘का’ मध्ये नुसती चौकशी आहे. ‘ना’ मध्ये त्याचा जीव अडकला आहे.