रेशमी धबधबा, फसवे पाणी

पाटोदा तालुक्यातील सौताड्याला पावसाळ्यात गर्दी लोटते. विंचरणा नदी बालाघाटच्या कड्यावरून खोल दरीत झेपावते. खाली रामेश्वराचे मंदिर आहे. अशा धबधब्यांच्या अनेक छायाचित्रांत पाणी दुधाळ, रेशमी दिसते. प्रत्यक्षात ते तसे कधीच दिसत नाही. हे कसे घडते?

कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तर थेंब हवेत थिजलेला दिसतो. तेच अर्धा ते दोन सेकंद उघडे ठेवले, तर प्रत्येक थेंब आपली रेघ ओढत जातो आणि असंख्य रेघांचा पडदा तयार होतो. खडक हलत नाही, म्हणून तो स्पष्ट उमटतो. आपल्या डोळ्याला ही सोय नाही. दृष्टिपटल अंधुक उजेडातही जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच प्रकाश एकत्र करू शकते.

असा फोटो हातात कॅमेरा धरून साधत नाही. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्म थरथरतो. चहा-कॉफी, थकवा आणि जागरणाने ही थरथर वाढते. म्हणून ट्रायपॉड हवा आणि बटण दाबण्याचा धक्का टाळायला २ सेकंदांचा टायमर. आयएसओ १०० ठेवावा. ढगाळ सकाळ उत्तम. ऊन असेल तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा. मात्र हात स्वस्थ ठेवलेला असतानाही डोळ्यांना दिसेल इतका थरथरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

या फोटोत एक फसगतही आहे. पाण्याचा जोर पुसला जातो आणि खळाळता प्रवाह शांत भासतो. तो पाहून चांगल्या कोनासाठी पाण्यात उतरण्याचा मोह होतो. पण वेगवान प्रवाह जेमतेम अर्धा फूट खोल असला, तरी प्रौढ माणसाचा तोल घालवू शकतो. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो. नजर स्क्रीनवर खिळली की पायाखालचे भान सुटते. वरच्या भागात पाऊस झाला, तर इथे ऊन असतानाही पाणी चढते. ते अचानक गढूळ झाले की सामान आवरून वर यावे.

ट्रायपॉड कोरड्या, सपाट जागी, कड्यापासून दूर लावावा आणि सोबत कुणीतरी असावे. जवळचे दृश्य हवे असेल तर झूम करावे, पाऊल पुढे टाकू नये.