उलटी बाजू

“अर्धा दिवस शाळा, मग उरलेला अर्धा दिवस करतेस काय गं?” असं कोणी विचारलं की पूर्वी मी ओशाळून जायची. घरकाम कोणी मोजत नाही, हे आपणा सगळ्याजणींना ठाऊक आहेच! पण जेवणं, झाकपाक उरकून दोन ते तीनचा एक तास मात्र खरोखरच रिकामा असायचा. लग्न होऊन नांदगावला आले तेव्हा तोच तास खायला उठायचा. बाहेर रखरखीत ऊन; घरात सासूबाई आणि मी. मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत दोघी दोन खोल्यांत पडून राहायचो. भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. पण बोलणंही नव्हतं.

अशात एकदा कपाट आवरताना माझा शाळेतला टाक्यांचा रुमाल सापडला. भरतकामाच्या तासाला आमच्या बाई रुमाल हाती घेतला की आधी उलटा करायच्या. माझ्या रुमालाची उलटी बाजू म्हणजे नुसतं जळमट! गाठी काय, लोंबणारे दोरे काय! सगळ्या वर्गासमोर तो उंच धरून दाखवला गेला. तेव्हापासून सुई धरली ती फक्त बटणं लावायला.

का कोण जाणे, त्या दिवशी मात्र पुन्हा करून बघावंसं वाटलं. अर्धा मीटर दुसुती, एक लाकडी रिंग आणि धाग्याच्या चार लड्या आणल्या. घरात लगेच शेरे सुरू झाले. “एका रुमालाला पंधरा दिवस? हिशेब केलास का?” इति आमचे हे. सासूबाई म्हणाल्या, “बाजारात आयतं मिळतं की. डोळे कशाला फोडून घेतेस?” मला उत्तर सुचलं नाही, पण रिंगही सोडवली नाही. दिवसभराची कामं संध्याकाळपर्यंत पुन्हा होती तशी होतात, घासलेली भांडी खरकटी होतात. भरलेलं पान मात्र दुसऱ्या दिवशी भरलेलंच असतं! एवढं समाधान मला पुरेसं होतं.

एका दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. रुमाल हातात घेतला आणि उलटा केला. माझ्या छातीत धस्स झालं! पण त्या एवढंच म्हणाल्या, “गाठ कशाला मारतेस? आधीच्या टाक्यांच्या पोटातून दोरा ने की.” आणि सुई घेऊन त्यांनी ते करून दाखवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या सासूबाई माहेरी आईबरोबर गोधड्या शिवत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. आत त्यांच्या आईचं लुगडं आणि मामंजींचं धोतर होतं. मामंजी गेल्यापासून त्या धोतराला कोणी हात लावलेला नव्हता. “याची गोधडी करू,” त्या म्हणाल्या. मग रोज दुपारी आम्ही दोघी चटईवर. मी सुईत दोरा ओवायची, त्या कडेकडेने धावदोरा घालत आत यायच्या. एकेका ओळीबरोबर मामंजींच्या गोष्टी निघत. कधी त्यांचा आवाज दाटून येई. मग आम्ही गप्प बसून शिवत राहू. डोळ्यांमुळे त्यांची एक ओळ चांगलीच वाकडी गेली. माझी लेक म्हणाली, “आजी, उसवून देऊ?” मीच नको म्हटलं. ती ओळ आहे म्हणून ती गोधडी आमची आहे.

तेव्हापासून उलटी बाजू बघायचा नादच लागला. आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याची हातमागावरची पैठणी बघा. छोट्या कांड्यांवरचे रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवून पदर विणतात. त्यामुळे तो दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. धारवाड-बेळगावकडच्या कसुतीत कापडावर नक्षी छापत नाहीत, धागे मोजून भरतात आणि गाठही मारत नाहीत. तिच्यातला गवंती टाका उलटसुलट सारखाच!

सुईने पुष्कळ बायकांना आधारही दिला आहे. 1909 साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे शिवणकाम शिकून कितीतरी जणी स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. ती सुई पोटासाठी होती. आपल्यापैकी ज्यांना मनासाठी सुई धरता येते, त्यांनी तेवढं भाग्य वाया का घालवावं?

नव्याने सुरुवात करणार असाल तर थोडं सांगते. पहिला घास लहान घ्या. एकदम चादर काढू नका, रुमालच घ्या. धावदोरा, साखळी, देठाचा टाका आणि काजाचा टाका एवढे चार आले की पुष्कळ झालं. सहापदरी धाग्यातले दोन-तीनच पदर वापरा. दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे दुकानात विसरू नका. गडद लाल किंवा निळा धागा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, रंग जातो की नाही ते कळेल. काम थांबवताना रिंग काढून ठेवा, म्हणजे वळ पडत नाही. इस्त्री जाड टॉवेलवर, कापड उलटं ठेवून करावी. टाके दबत नाहीत. आणि दिव्याखाली ताणून बसू नका, दुपारचा उजेडच बरा.

आता कोणी विचारलं, “दुपारी काय करतेस?” तर मी सरळ सांगते, “भरतकाम.” “किती मिळतात?” असं विचारलं तर हसते. दोन खोल्यांतल्या दोघी एका चटईवर आल्या, याचा भाव कसा सांगायचा?