अंगणातील कुंती

वऱ्हाडातील उन्हाळा मोठा कडक असतो. अकोला व अमरावती येथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. रानातील सागाची झाडे तेव्हा पाने गाळून उघडीबोडकी उभी असतात. पाने कमी झाली, की झाडातील पाण्याची वाफही कमी होते. अशा दिवसांतही एखाद्या अंगणात एक झुडूप हिरवेगार दिसते. ते कुंतीचे. तिला कोणी कामिनी असेही म्हणतात.

कुंती सदाहरित आहे. सदाहरित म्हणजे पाने मुळीच न गळणारी वनस्पती नव्हे. तिची जुनी पाने थोडीथोडी गळतात व नवी येत राहतात, म्हणून ती कधीच ओकीबोकी दिसत नाही. पानांवरील चकचकीत थरामुळे आतील पाणी लवकर उडून जात नाही. पान उजेडासमोर धरून पाहावे. त्यात बारीक ठिपके दिसतात. ते तेलाचे सूक्ष्म कोश होत. लिंबू, संत्रे व कढीलिंब यांच्या पानांतही असेच कोश असतात, कारण ही सारी एकाच कुळातील मंडळी आहेत. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७७१ साली आपला शिष्य मरे याच्या नावावरून कुंतीच्या प्रजातीला ‘मराया’ असे नाव दिले.

कुंती बियांपासून सहज होते. तिची पिकलेली फळे लाल असतात. त्यांचा गर धुऊन काढून बी ताजे असतानाच पेरावे. जुने बी उगवत नाही. रोप वीतभर झाले, की पावसाळ्याच्या आरंभी जमिनीत लावावे.

येथे वऱ्हाडच्या काळ्या मातीचा विचार करावा लागतो. ही माती पावसात फुगते व पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात आणि भेगांमुळे ती तुटतात. म्हणून हात-दीड हात खोल खड्डा घेऊन त्यात माती, भरड रेती व कुजलेले शेणखत मिसळून भरावे. उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूला खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे असते. ते रोज घातल्यास क्षार मातीत साठतात, मुळांना पाणी शोषता येत नाही आणि पानांच्या कडा करपतात. तेथे छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळीने हौदात साठवून झाडाला घालावे.

कुंतीचे फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे असते. पाऊस पडून गेल्यावर सारे झुडूप एकदम बहरते आणि सुगंध घरभर दरवळतो. दोन-तीन दिवसांतच पाकळ्यांचा सडा पडतो. फुले नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवर येतात. म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करावी, आधी करू नये.

इतकी गुणी असली, तरी कुंती सर्वत्र लावणे योग्य नाही. सायला नावाची एक चिमुकली कीड तिच्या कोवळ्या फुटीवर वाढते. हीच कीड संत्र्याच्या झाडावर जाऊन रस शोषते व ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते. रोग जडलेल्या झाडाची फळे लहान व वाकडी होतात आणि झाड खंगत जाते. त्यावर पक्का उपाय अद्याप सापडलेला नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ही कीड १९९८ साली प्रथम आढळली, ती घरांभोवतीच्या कुंतीवरच. २००५ साली तेथे हा रोगही दिसला आणि पुढे संत्र्याच्या अनेक बागा उजाड झाल्या.

अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी व परतवाडा हा भाग संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. हजारो कुटुंबांचा संसार त्या बागांवर चालतो. अंगणाच्या कुंपणाने कीड अडत नाही. ती वाऱ्याबरोबर शेजारच्या मळ्यात जाते. म्हणून संत्र्याच्या बागेजवळ राहणाऱ्यांनी कुंतीऐवजी मोगरा लावावा. तो निराळ्या कुळातला आहे. त्याच्यावर ही कीड पोसली जात नाही. बागांपासून दूर असलेल्या शहरातील अंगणात मात्र कुंती अवश्य लावावी, आणि तिच्या कोवळ्या फुटीवर अधूनमधून नजर ठेवावी. आपल्या दारचा सुगंध शेजाऱ्याच्या पिकाला बाधू नये, याची काळजी घेणे हेही बागकामच आहे.