बदलाची गती सांगणारे शब्द

जगात बदल सर्वत्र चाललेला असतो. पण सारेच बदल एका गतीने होत नाहीत. कळी हळूहळू उमलते, तर वीज एकाएकी चमकते. क्रियेची अशी रीत सांगणाऱ्या शब्दांना क्रियाविशेषणे म्हणतात. ती पारखून वापरली नाहीत, तर व्याकरणदृष्ट्या शुद्ध असलेले वाक्यही खोटे ठरते.

छत्रपती संभाजीनगर या शहराचेच उदाहरण पाहा. इ. स. १६१० मध्ये मलिक अंबर याने खडकी या खेड्याच्या जागी हे शहर वसविले. पुढे त्याचा पुत्र फतेहखान याने त्यास फतेहनगर हे नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या नावावरून ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. 'खडकीचे हळूहळू मोठे शहर झाले,' हे वाक्य योग्य आहे. कारण वस्ती आणि बाजारपेठ वर्षानुवर्षे वाढत गेली. परंतु 'शहराचे नाव हळूहळू बदलले,' हे विधान चुकीचे होय. नाव प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांच्या निर्णयाने बदलले. लोकांच्या तोंडी मात्र नवे नाव हळूहळूच रुळते.

शहराजवळील वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात एकाच खडकातून, माथ्याकडून पायथ्याकडे कोरले गेले. आधी शिखर, मग त्याखालील भाग, असा कामाचा क्रम ठरलेला होता. म्हणून ते 'क्रमाक्रमाने' साकारले, असे म्हणणे शोभते. अजिंठ्याची चित्रे ओल आणि धूळ यांमुळे झिजली, त्या झिजण्याला मात्र पायऱ्या नव्हत्या. तेथे 'हळूहळू' हाच शब्द खरा.

इंग्रजीतील 'ग्रॅज्युअली' हा शब्द 'पायरी' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. संस्कृतात 'क्रम' म्हणजेही पाऊल. तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या विष्णूला म्हणूनच त्रिविक्रम म्हणतात. इतक्या दूरच्या दोन भाषांना बदल हा पावलापावलाने चालणारा दिसला, हे नवलच! आज मात्र 'ग्रॅज्युअली' या एका शब्दात मराठीतील 'हळूहळू' आणि 'क्रमाक्रमाने' हे दोन्ही अर्थ सामावतात. 'सडनली' म्हणजे एकाएकी, आणि 'स्टेडिली' म्हणजे न थांबता, सारख्या गतीने. त्यामुळे अशा शब्दाचे भाषांतर करताना नुसता शब्दकोश पुरत नाही. बदल प्रत्यक्षात कसा घडला, हे आधी पाहावे लागते. त्यानंतरच योग्य शब्द सापडतो.