डिलीट केलेला मेल परत मिळतो का?

महत्त्वाचा मेल चुकून डिलीट झाला, वर ‘ट्रॅश’ही रिकामा केला. आता तो कायमचा गेला, असे आपण धरून चालतो. पण थंडरबर्डसारख्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये तो बरेचदा शाबूत असतो.

थंडरबर्ड सहसा एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच मोठ्या मजकूर-फाइलमध्ये एकाखाली एक साठवतो. या पद्धतीला ‘एमबॉक्स’ म्हणतात. मधलाच एक मेल खरोखर काढायचा, तर फाइल नव्याने लिहावी लागते आणि त्यात वेळ जातो. म्हणून प्रोग्रॅम फक्त खूण करतो. प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ ही ओळ असते. वाचलेल्या मेलसाठी तिथे सहसा ०००१ असते. डिलीट केल्यावर त्याचे ०००९ होते. यादीतून मेल दिसेनासा होतो, मजकूर मात्र जागेवरच राहतो.

तो मिळवायचा तर थंडरबर्ड बंद करा. ‘इनबॉक्स’ फाइलची प्रत काढून ठेवा. मग मूळ फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि हव्या त्या मेलच्या ०००९ चे ०००१ करा. शेजारची ‘एमएसएफ’ ही सूचीची फाइल काढून टाका. थंडरबर्ड ती नव्याने बनवतो आणि मेल पुन्हा दिसू लागतो.

ही सोय फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंतच असते. त्या वेळी खूण केलेले मेल वगळून फाइल पुन्हा लिहिली जाते. आयमॅप खात्याचे मूळ मेल सर्व्हरवर असतात, तिथे हा उपाय चालेलच असे नाही. म्हणून चूक लक्षात येताच प्रोग्रॅम बंद करा आणि कॉम्पॅक्टला हात लावू नका.