सदसद्विवेकबुद्धी, प्रेम आणि समलिंगी विवाह : ख्रिस्ती विचारातील मतभेद



‘सदसद्विवेकबुद्धी’ या शब्दाची फोड केली, तर सत् आणि असत् यांची निवड करणारी बुद्धी असा अर्थ हाती येतो. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘सिनेइडेसिस’ याची घडण मात्र वेगळी आहे. त्यात ‘सह’ आणि ‘जाणणे’ असे दोन घटक आहेत. मनुष्याच्या कृतीची त्याच्या अंतरात एक साक्षी जाणीव असते, अशी ही कल्पना. मराठी शब्दाचा भर निवाड्यावर, तर ग्रीक शब्दाचा साक्षीवर आहे. हा फरक प्रथम लक्षात घ्या. कारण समलिंगी विवाहाच्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या अंतःसाक्षीचाच आधार घेतात.

१. शब्दार्थाचा प्रश्न

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने ‘आर्सेनोकोइटाई’ हा शब्द योजला आहे. ‘आर्सेन’ म्हणजे पुरुष आणि ‘कोइटे’ म्हणजे शय्या. लेवीय ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे दोन्ही शब्द जवळजवळ येतात. त्यांवरूनच हा समास घडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कराराच्या एका सुधारित इंग्रजी आवृत्तीत हा शब्द आणि त्याच्या आधीचा ‘मालाकोई’ हा शब्द, या दोहोंसाठी मिळून ‘होमोसेक्शुअल्स’ हा एकच शब्द वापरला गेला. १९७१ च्या आवृत्तीत तो बदलण्यात आला. मूळ शब्द कृतीविषयी बोलतो, तर आधुनिक शब्द व्यक्तीच्या स्वभावसिद्ध ओढीविषयी. म्हणून या भाषांतरामुळे अर्थाची कक्षाच बदलली, असा आक्षेप घेतला जातो. परंपरावादी अभ्यासकांचे उत्तर असे, की प्रश्न एका शब्दाचा नाही. उत्पत्तीच्या ग्रंथात आणि मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात विवाहाचे वर्णन स्त्रीपुरुषांचे मीलन असेच आहे.

२. प्रेमाचे दोन अर्थ

दोन्ही पक्ष प्रेमालाच प्रमाण मानतात. एका पक्षाच्या मते प्रेम सत्यापासून वेगळे काढता येत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात समलिंगी संबंध अमान्य केले आहेत. मात्र अशा व्यक्तींना आदराने व करुणेने वागवावे, असेही तेथेच सांगितले आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते शेजाऱ्यावरील प्रेमात नियमशास्त्राची पूर्तता होते. म्हणून निष्ठापूर्ण सहजीवनाला आशीर्वाद नाकारणे हेच प्रेमाविरुद्ध आहे. अमेरिकेतील युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने २००५ मध्ये समलिंगी विवाहाच्या समानतेला पाठिंबा दिला. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विधीविना आशीर्वाद देण्यास अनुमती दिली. विवाहाची व्याख्या मात्र बदलली नाही.

३. डेन्मार्कचे उदाहरण

समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाला १९८९ मध्ये कायदेशीर मान्यता देणारा डेन्मार्क हा जगातील पहिला देश. जून २०१२ पासून तेथील लुथरन लोकचर्चमध्ये अशा जोडप्यांचे विवाह होऊ लागले. हे चर्च शासनाशी जोडलेले असल्याने पेच उभा राहिला. ज्या पाद्र्याचे मन या विधीस संमती देत नाही, त्याने काय करावे? कायद्याने त्याला नकार देण्याची मुभा दिली. पण जोडप्याचा विवाह अडू नये म्हणून दुसरा पाद्री मिळवून देण्याची जबाबदारी बिशपवर ठेवली. येथे दोन बाजूंपैकी कोणाचीही अंतःसाक्षी खोटी ठरवलेली नाही. नकाराचा हक्क व्यक्तीला मिळाला, नकाराचा भार मात्र जोडप्यावर पडू दिला नाही.

तरीही प्रश्न संपत नाही. नकार ऐकणाऱ्या जोडप्याला वेदना होते. आणि मनाविरुद्ध विधी करावा लागला, तर पाद्र्यालाही ती होते. व्यवस्था वाट काढू शकते, पण वेदना पुसू शकत नाही. म्हणून हा विषय अभ्यासताना कोणत्याही पक्षाला ‘अज्ञानी’ किंवा ‘अश्रद्ध’ म्हणून निकालात काढू नका. प्रत्येक पक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत प्रथम मांडा. आपले मत त्यानंतर द्या.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. ‘सदसद्विवेकबुद्धी’ आणि ‘सिनेइडेसिस’ या शब्दांच्या घडणीतील फरक स्पष्ट करा.
२. डेन्मार्कमधील तोडगा तुम्हांला न्याय्य वाटतो का? दोन्ही बाजूंचा विचार करून उत्तर लिहा.